हाक

मीटर होता गेटाच्या आत, आडभिंतीवर,
केळींच्या मागे.
मयड्यात सगळं केळींच्याच मागे असतं.
आकडे वाचले, चार, सात, एक, शून्य,
शेवटचा वाचायचा राहिला.

पोटरी. डावी.
आधी दुखलं नाही, नुसता पाय जड झाला,
कुणी भरलेली पिशवी अडकवावी तसा.
मग बाल्कांवातून कायतान सिकेर ओरडला,
'कापितांव! सोड तिका!'
आणि सुटले.

एवढंच घडलं.
बाकीचं सगळं कागदावर घडतंय.

आझिलोत सुया: पहिल्या दिवशी, मग तीन, सात,
चौदा, अठ्ठावीस.
हा पाढा शाळेत नव्हता.
जखमेच्या कडेकडेने टोचल्या त्या वेगळ्या,
मोजल्या नाहीत, डोळे मिटले होते.
खातं म्हणालं, तू कंत्राटी.
कंत्राटदार म्हणाला, कुत्रा काय माझा?

कुडतडकर वकीलबाईंचं ऑफिस म्हापशात, बाजाराच्या वर.
जिन्यात चोरिसांचा वास, शुक्रवारी जास्तच.
बिलं आण म्हणाल्या, आणली.
पायलट पावती देत नाही, ते अंदाजे लिहा.
सलवार नवी होती, चवथीची.
एकोणीस दिवसांची मजुरी.
'आणि मानसिक त्रास? इथे किती लिहू?'
मी म्हटलं, गेट दिसलं की आता
मीटरच्या आधी सावल्या बघते.
त्यांनी लिहिलं, पंचवीस हजार.
सावल्यांना बरा भाव आला.

नोटिशीला उत्तर आलं, टाइप केलेलं:
सदर कुत्रा माझ्या अशिलाचा नाही.
तो गावातला. अशिलाच्या बाल्कांवात तो केवळ बसतो.
अशील त्यास केवळ भात घालतात,
तेही केवळ दयेपोटी.

पट्टा? नव्हता.
पंचायतीत नोंद? नाही.
शेजारीण दुल्सीन सांगेल?
दुल्सीन म्हणाली, बाय, आमी पाणी त्याच्याच बांयचें पितात.
वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.
'मग तू सुटलीस कशी?'
त्यांनी हाक मारली.
'नावाने?'
नावाने.
'आणि त्याने ऐकलं?'

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी
केळ्यांच्या घडावरून घासाघीस करत होतं.
कायतान गप्प बसला असता
तर आज त्याचं काही बिघडलं नसतं,
माझी पोटरी गेली असती, इतकंच.
ज्या शब्दाने पाय वाचला
तोच आता अर्जात, परिच्छेद सात:
'प्रतिवादीने नावाने हाक मारताच
कुत्र्याने चावा सोडला.'
खाली सही, उर्मिला शाबा च्यारी.
सही करताना हात अडखळला नाही.
हेही लिहून ठेवते.

माझ्या जागी आता पेडण्याचा एक पोरगा मीटर वाचतो.
त्याने सांगितलं,
म्हातारा हल्ली कुत्र्याला हाकच मारत नाही.
वकिलाने सांगितलंय म्हणे.
भात ठेवतो रात्री, कुंपणापलीकडे,
कुणा परक्याचा ठेवावा तसा.
तीस वर्षं बोटीवर काढली त्याने,
कुत्र्याला हुद्दा देऊन ठेवला होता,
आता त्याच्याकडे बघतही नाही.

परवा गेले होते. काम काही नव्हतं.
रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिले.
कायतान बाल्कांवात, पेपर तोंडासमोर.
कुत्रा पायऱ्यांच्या खाली, ऊन असलेल्या बाजूला,
कान म्हाताऱ्याच्या दिशेने.
किती वेळ तसा बसला होता कुणास ठाऊक.

का ते सांगता येणार नाही, पण मी म्हटलं,
'कापितांव.'
हळूच. पुटपुटल्यासारखं.

तो उठला. शेपटी हलली.
पेपर खाली आला,
आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं,
पेपर पुन्हा वर गेला.

पुढची तारीख अठराला आहे.
वकीलबाईंना हे सांगितलेलं नाही.